धनेशचा वाटा

सदाच्या हातात काहीही द्या, तो आधी त्याचे वाटे घालणार. गोदामात दुपारी वडे आले आणि माणसं पाच, वडे चार असले, तर दुसरा कुणी म्हणेल, जाऊ दे, मी सकाळी खाऊन आलोय. सदा तसं म्हणू देणार नाही. चार वड्यांचे चिमटीने तुकडे करून कागदावर पाच सारखे वाटे मांडणार, मग पाठ फिरवून उभा राहणार. एकाने एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कोनाचा?" आणि पाठमोऱ्या सदाने नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्याने तो वाटा उचलायचा, कमी का जास्त म्हणून कुरकुर करायची नाही. वड्यासाठी एवढा सोपस्कार! पोरं हसायची. सदा म्हणे, "डोले असले का मन चलते. पाठीला डोले नसतान."

हे त्याने बापाकडून उचललं होतं. बाप म्हणजे बाळाजी नाखवा. रेवसच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी जो लहानसा कोळीवाडा आहे, तिथे बाळाजीची होडी होती, आणि त्या होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, सदा. होडी किनाऱ्याला लागली की डिझेल नि बर्फाचा खर्च वजा जायचा, अर्धं होडीला नि जाळ्याला, आणि उरलेल्या अर्ध्यात खलाशांचे वाटे पडायचे. ज्याचा हात जाळ्याला लागला त्याला वाटा. तापाने फणफणून दोन दिवस फळीवर पडून राहिलेल्यालाही वाटा, कारण तो होडीत होता. आणि एखाद्याला समुद्राने ठेवून घेतलं, तर हंगाम संपेपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी जायचा. नाखव्याच्या घरी चूल पेटो न पेटो, तो वाटा आधी पोचवायचा.

याच्या बदल्यात वाड्याने त्या घरावर एकच अट घातली होती. वाटा घरी येतोय तोवर होडीशी भांडायचं नाही. पंच बसवायचे नाहीत, चौकीवर जायचं नाही. भांडला, त्याचा वाटा बुडाला. अट कडक होती, पण बाळाजीसारखा नाखवा असेल तर तिच्यात वावगं काही नव्हतं. माणसं तिच्यावर निर्धास्त झोपत होती. अडचण एवढीच की सगळे नाखवे बाळाजी नसतात, आणि हे सदाला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे खाडीतली मासळी आटली. खलाशी एकेक करून पगाराच्या नोकरीला लागले. होडी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवली. बाळाजी रोज सकाळी तिच्या सावलीला जाऊन बसे, आणि सदा सकाळच्या लाँचने करंजाला उतरून तिथून सहा आसनीत कोंबून उरणच्या बंदराकडे एका गोदामावर जाई. होडीवरचा त्याचा सर्वांत जवळचा खलाशी धनेश. त्यालाही त्याने मागोमाग तिथेच चिकटवला.

गोदामात एका परदेशी कंपनीचा माल उतरत असे. कॉम्प्युटरच्या आत ज्या चिपा बसवतात, ज्यांत म्हणे सगळी आठवण साठते, त्या चिपांचे खोके. नखाएवढा माल, पण सोन्याच्या तोलाचा. प्रत्येक पाकिटात निळ्या ठिपक्यांचं एक कार्ड असायचं. ओल लागली की ठिपके गुलाबी होणार आणि माल नापास. खाऱ्या वाऱ्यात जन्मलेली ही माणसं दिवसभर गारढोण, कोरड्या खोलीत त्या खोक्यांना वारं लागू नये म्हणून जपत होती. सदा त्यांचा मुकादम. पण मुकादम कुणाचा? तर एका ठेकेदाराचा. तो ठेकेदार गोदाम चालवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा, आणि ती कंपनी त्या परदेशी कंपनीची चाकर. ही उतरंड सदाने कधी मोजली नाही. त्याच्या मते माल ज्याचा, होडी त्याची. बाकी सगळे होडीतले.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या मालाला अचानक भाव चढला. विचार करणारी यंत्रं का काय ती जगभर उभी राहत होती, एकेका गावाएवढ्या इमारती भरून, आणि त्यांना आठवण पुरत नव्हती. आज जो खोका एका भावाने गेला तो पुढच्या आठवड्यात सव्वा भावाने जायचा. गोदामावरचे साहेब, म्हणजे परदेशी कंपनीचे इथले अधिकारी, बेलापूरहून गाडीने यायचे. ते म्हणू लागले, "सदाभाऊ, अभी डिस्पॅच नको. होल्ड करा." सदाला ते लगेच उमगलं. आषाढात होड्या बंद असतात तेव्हा माळ्यावर सुके बोंबील दाबून ठेवणारा व्यापारी हेच करतो. येणारा माल थांबत नव्हता आणि जाणारा थांबवला होता, म्हणून खोके छताला टेकले. फळ्या वाकल्या. सदाने दोनदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, ठेकेदाराला सांगा. ठेकेदार म्हणाला, साहेबांना सांग.

रविवार होता. दोन कंटेनर आगाऊ आले, माणसं हवी होती. सदाने घरोघर फोन लावले. धनेश जेवायला बसला होता. त्याची बायको हेमांगी म्हणाली, एक रविवार तरी घरी ऱ्हा. तो म्हणाला, सदादादाचा फोन हाय. आणि अर्ध्या ताटावरून उठला. तिसऱ्या प्रहरी वरच्या फळीवरचा अख्खा थर त्याच्यावर कोसळला. इस्पितळ येण्याआधीच तो गेला. सगळा वेळ त्याचं डोकं सदाच्या मांडीवर होतं, आणि सदा त्याला सांगत होता, आलो, आलो, पोचलोच.

बाराव्याला ठेकेदार दारात आला. पांढरे कपडे घालून आला, हे त्यातल्या त्यात बरं. एक पाकीट पुढे केलं आणि एक कागद. पाकिटात रोख होती, फार नाही, पण हातात घेतली की जड लागेल एवढी. कागदावर असं होतं की, तो दिवस रविवारचा, धनेश सुटीवर होता, स्वतःच्या खासगी कामासाठी गोदामात आला आणि तिथे अपघात झाला. याबद्दल घरच्यांची काही तक्रार नाही. हेमांगीने कागद वाचला. ती बारावीपर्यंत शिकलेली, तिला सगळं कळलं. तिचा भाऊ कोपऱ्यातून म्हणाला, हे खोटं हाय, आपण कामगार कार्यालयात जाऊ. पोरगी हेमाली, पंधरवड्यापूर्वीच अलिबागला कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याला लागलेली, आईला चिकटून उभी होती. हेमांगीने कुणाकडेच पाहिलं नाही. तिने सदाकडे पाहिलं.

आता त्याच आठवड्यात काय घडलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर सदाला वेड्यात काढायला आपण मोकळे. पोरांच्या फोनवर बातमी फिरत होती की त्या परदेशी कंपनीने आपल्या कामगारांशी करार केला. नफ्याचा दहावा हिस्सा कामगारांत वाटणार, वरती मर्यादा नाही. चिपांना भाव चढेल तसा हिस्सा चढणार. साहेबांनी गोदामात सगळ्यांना गोळा केलं, पेढा दिला आणि म्हणाले, "हे यश तुम्हा सगळ्यांचं आहे. आपण एक फॅमिली आहोत." साहेब मनापासून बोलले असतील. साहेब लोक अशा वेळी मनापासूनच बोलतात, तोच त्यांचा दोष. सदाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की पगाराच्या नोकरीत सगळं असतं, फक्त वाटा नसतो. आणि बघा, सातासमुद्रापलीकडचा नाखवाही वाटाच घालत होता!

म्हणून हेमांगीने पाहिलं तेव्हा सदा म्हणाला, "सही कर."

"दादा, ते सुटीवर व्हते?"

"न्हाय. मीच बोलावला व्हता त्याला. पन आता वाटा येयाचा हाय, हेमांगी. हंगामाचा वाटा. धनेश होरीत व्हता, त्याचा वाटा कोन खात न्हाय. आता भांडलीस त बुडंल. वाटा घरी येऊ दे."

हेमांगीने सही केली. ठेकेदार म्हणाला, साक्षीदार लागेल. सदाने पेन घेतलं आणि गोल, मोठ्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मला इथे त्याचा राग येतो. खोटं त्याला दिसत होतं, हाताखाली होतं, आणि तरी तो ते पवित्र काम समजून करत होता.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. हेमालीला लॅपटॉप हवा होता, कॉलेजात सगळ्यांकडे होता. सदा तिला घेऊन अलिबागच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, दिवाळीत घेतला असता तर बरं, आता आतल्या मेमरीचे भाव वाढलेत, रोज नवी यादी येते. पुन्हा महिन्याने गेले तर आणखी वर. हेमालीचं तोंड पडलं. परतताना सदा तिला म्हणाला, "वाढू दे गो. जेवढा भाव वाढंल तेवढा तुज्या बापाचा वाटा वाढंल." त्याला खरोखर आनंद होत होता. वर्तमानपत्रात चिपा महागल्या असं आलं की तो ते पान घडी करून हेमांगीकडे घेऊन यायचा. भरल्या जाळ्याचं वजन हाताला कळावं तसं त्याला झालं होतं. सगळ्या जगाला रडवणारी महागाई त्या एका घरात शुभवर्तमान म्हणून जात होती.

फेब्रुवारीत वाटा आला.

गोदामाच्या दारात टेम्पो लागला आणि त्यातून खोके उतरले. प्रत्येकाला मिठाईचा एक डबा आणि एक जॅकेट. जाड, आत कापूस भरलेलं, छातीवर कंपनीचं नाव. त्यांच्याकडे बर्फ पडतो. इथे उन्हाचे चटके सुरू झाले होते. पोरांना वाटलं, ही वरची भेट, पैसे खात्यात येतील. जॅकेटं लहानमोठी होती, भांडण नको म्हणून कुणीतरी ओरडलं, "मुकादम, वाटे घाला!" सदाने हौसेने ओळीत वाटे मांडले आणि पाठ फिरवली.

"ह्यो कोनाचा?"

"गणराजचा."

"ह्यो?"

"इकबालचा."

"ह्यो?"

"धनेशचा," सदा म्हणाला.

पुढचं 'ह्यो?' येईना म्हणून सदाने वळून पाहिलं. बोट ठेवणारा पोरगा जमिनीकडे बघत होता. वाटे हजर माणसांइतकेच आले होते. धनेशचं जॅकेट आलंच नव्हतं. सदाने आपला वाटा धनेशच्या नावावर सोडला आणि तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेला. जॅकेटचं सांगायला गेला होता. बोलता बोलता पैशांचं निघालं.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग समजावलं. बोनस हा कंपनीच्या एम्प्लॉयींना. तिकडच्या. इकडच्या ऑफिसमधल्यांनाही थोडासा. "तुम्ही लोक आमच्या रोलवर नाही ना सदाभाऊ. तुम्ही व्हेंडरच्या व्हेंडरचे."

"पन माल आमीच उतरवला."

"हो, मान्य आहे."

"धनेश त्या मालाखालीच मेला."

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्याने खिशात हात घातला आणि दोन नोटा काढल्या, आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटून नोटा परत ठेवल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं, तुम्हाला मिळणार म्हणून?" त्याने विचारलं. सदाने आठवून पाहिलं. खरंच, कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्याचं त्यालाच कळलं होतं, जसं भरती येणार हे कळतं.

त्या संध्याकाळी लाँचमधून उतरल्यावर सदा हेमांगीच्या घरावरून गेला नाही. वळसा घालून किनाऱ्यावर गेला. बाळाजी ताडपत्रीच्या सावलीत बसला होता. सदाने बापाला सगळं सांगितलं, साक्षीच्या सहीसकट. काही लपवलं नाही. म्हातारा शेवटी होडीच्या फळीवर हात ठेवून म्हणाला, "जाल्यात काय न्हाय आला तं वाटा होरीतून द्यावा लागते."

"बा, धनेश गेला ती होरी आपली न्हाय. ती त्यांची."

"शब्द कोनाचा व्हता?"

होडी विकायला वेळ लागला नाही. होड्या कुणाला हव्या असतात हल्ली! परवाना एकाने घेतला, इंजिन भंगारात गेलं, जुनं सागवान एका फर्निचरवाल्याने नेलं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, नागावच्या एका रिसॉर्टवाल्याला बागेत रोवायला हवी होती, पाहुण्यांना फोटो काढायला. कापताना बाळाजी तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीने किनाऱ्यावर गेला, आणि सावली कुठे नव्हती म्हणून परत आला. मग घरातच बसू लागला.

सगळी रक्कम एका पाकिटात घालून सदा हेमांगीकडे गेला. जॅकेटही नेलं. म्हणाला, "वाटा आला."

खरं का सांगितलं नाही? होडीचे म्हटले असते तर तिने पैशाला हात लावला नसता, हे एक. पण एवढंच नव्हतं. कंपनीने फसवलं असं म्हणायचं तर, मी तुला फसवलं, हेही म्हणावं लागलं असतं, आणि त्याची जीभ वळली नाही. हेमांगीने पाकीट धनेशच्या फोटोपुढे ठेवलं आणि पदर तोंडाला लावून रडली. म्हणाली, "तुमी सांगितला तसाच जाला, दादा. मना शंका आली व्हती, माफ करा."

त्या पैशांतून हेमालीचा लॅपटॉप आला, आतली मेमरी तिप्पट महागलेली असताना. म्हणजे बघा, बाळाजीची होडी विकली, तिच्या पैशातला मोठा लचका चिपांच्या भावात गेला, आणि त्या भावातून पुन्हा तिकडच्यांचा वाटा मोठा झाला. आठवण तर त्याच गोदामातून गेलेली असणार. सदाला हे कळत होतं. पोरगी ते यंत्र मांडीवर घेऊन अभ्यास करायची, तेव्हा तो तिच्याकडे बघत नसे.

पण ज्याने त्याला आतून पोखरलं ते दुसरंच. हेमांगी वाडाभर सांगत सुटली. ठेकेदार कसाही असो, कंपनी भली. मेल्या माणसाचा वाटा घरी पोचवते. बायका ऐकायच्या, ज्यांचे नवरे-पोरगे बंदराकडे कामाला ते ऐकायचे, आणि कंपनीचं नाव कोळीवाड्यात बाळाजी नाखव्याच्या नावाशेजारी जाऊन बसलं. फक्त गोदामातली पोरं सदाकडे चमत्कारिक नजरेने बघायची. त्यांना ठाऊक होतं. मुकादमाचा मान ठेवून तीही बोलली नाहीत. एकाच्या भलेपणावर दुसऱ्याचा भलेपणा रचला गेला, आणि गोदामातल्या खोक्यांसारखाच त्याचा थर वर वर चढत गेला.

एप्रिलमध्ये गणराजचा पाय गेला. फळ्या तशाच होत्या, भाव तसाच होता. गुडघ्याखाली चिरडला, कापावा लागला. ठेकेदार तोच कागद घेऊन आला, नाव बदलून. गणराज सुटीवर होता, खासगी कामासाठी आला होता. त्याची बायको नूतन, पोटाशी तीन महिन्यांचं मूल घेऊन पडवीत बसली होती. इस्पितळवाले म्हणत होते, आज पैसे भरा, नाहीतर पुढचं ऑपरेशन थांबेल. नूतनने सल्ल्याला कुणाला बोलावलं? हेमांगीला. आणि हेमांगीने सदाला निरोप पाठवला, साक्षीला या.

सदा पोचला तेव्हा हेमांगी नूतनच्या पाठीवर हात फिरवत होती. "सही कर बाय. मी पन केली. जीव तुटतो, पन भांडू नको. वाटा घरी येते. माजा आला का न्हाय? सांगा ना दादा."

ठेकेदाराने पेन पुढे केलं. सदाने ते घेतलं नाही.

"सही करू नको, नूतन," तो म्हणाला. "वाटा कवाच आला नव्हता."

हेमांगी हसली, जणू थट्टा असावी. मग तिने त्याचं तोंड पाहिलं.

"मग माजा?"

"बाची होरी विकली."

"कंपनीनं काय दिला?"

"जॅकेट."

ठेकेदार घसा खाकरून म्हणाला, ह्या घरगुती गोष्टी नंतर बोला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. हेमांगी उभी राहिली होती. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"तुमी मना पैसे दिले, दादा. होरी विकून दिले. मी काय बोलू? पन मी पैशापायी सही न्हाय केली. तुमी बोलले म्हनून केली. मानूस अर्ध्या ताटावरून उठून कामाला गेला, आन मी लिवून दिला का तो सुटीवर व्हता. धनेश कामावर व्हता, येवढा तरी कोनी बोलाला पायजे व्हता. तुमी बोलाला पायजे व्हता."

  नूतनने एकदा हेमांगीकडे पाहिलं, एकदा सदाकडे, आणि मग ठेकेदाराच्या हातातल्या पाकिटाकडे. "आज देतान ना पैसे?" तिने विचारलं. ठेकेदार म्हणाला, आत्ता. तिने मूल हेमांगीकडे दिलं आणि सही केली. सदाने साक्ष नाकारली, तर ठेकेदाराने बाहेरून आपल्या ड्रायव्हरला हाक मारली. साक्षीदार काय, कुणीही चालतो.

दोन दिवसांनी सदा हेमांगीच्या दारात गेला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, कामगार कार्यालयात जाऊ. मी सांगतो तो कामावर होता. फोन मीच केला होता. नोकरी जायची ती जाऊ दे. ती पिशवी घेऊन निघाली.

कार्यालयातली बाई चांगली होती. दोघांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं, फाइल मागवली. ठेकेदाराने मरणानंतर कागद रीतसर जमा केला होता. बाईंनी तो वाचला, हजेरीची नोंद पाहिली. रविवारी गोदामात कुणीच हजर नव्हतं, असं हजेरी सांगत होती. बाकी पोरांपैकी कुणी येईल का सांगायला, त्यांनी विचारलं. सदा म्हणाला, विचारलं होतं, त्यांची पोरंबाळं आहेत. मग बाईंनी कागद त्याच्याकडे फिरवला आणि खाली बोट ठेवलं.

"ही कोणाची?"

गोल, मोठी अक्षरं होती. पूर्ण नाव.

"माजी," सदा म्हणाला.

"तो सुटीवर होता, याला साक्षीदार तुम्हीच. आणि कामावर होता, यालाही तुम्हीच." बाईंचा आवाज कडक नव्हता. "अर्ज मी घेते. पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला हाच कागद काढेल, आणि विचारेल, खोटं तेव्हा बोललात का आता? मग काय सांगाल?"

"तवा बोललो. तवाच."

"का?"

सदाने तोंड उघडलं. बापाची होडी, किनाऱ्यावरचे वाटे, समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसांची घरं, सगळं सांगायला हवं होतं. कोणत्या रकान्यात लिहिणार होत्या बाई ते? तो म्हणाला, "मना वाटला, वाटा येल." बाईंनी पेन हातात धरलं होतं, ते त्यांनी हळूच खाली ठेवलं.

अर्ज दिला. पोच मिळाली. तारीख कळवू म्हणाले. परतताना करंजाच्या धक्क्यावर लाँचला उशीर होता. सदाने तिला चहा आणून दिला, तो तिने घेतला नाही. लाँच सुटली तशी हेमांगी पुढच्या फळीवर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली. रेवस येईपर्यंत ती तशीच पाठमोरी होती. वाट्यावर बोट ठेवून विचारणाऱ्यासारखा सदा मागे उभा राहून वाट बघत होता, पण तिने कुणाचंच नाव घेतलं नाही.